भावार्थे सर

वर्धा जिल्ह्यात कुठलीही वस्तू नुसती असू शकत नाही. झोपडी म्हणजे साधी राहणी, चरखा म्हणजे स्वावलंबन, आणि रस्त्यात बकरी आडवी आली तर बाहेरगावचा पाहुणा हात जोडायच्या बेतात असतो. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावात राहायला आले, १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं, आणि तेव्हापासून इथल्या कुडामातीच्या भिंतीसुद्धा आपण जगाला काहीतरी सांगतो आहोत अशा ऐटीत उभ्या आहेत. अशा जिल्ह्यात भावार्थे सर निपजले नसते तरच नवल होतं.

भावार्थे हे कुणाचं खरं आडनाव नाही. ते मी ठेवलंय, आणि एका माणसाला नव्हे, एका नमुन्याला. आर्वीला एक भावार्थे आहेत, हिंगणघाटला दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. पुलगावचे भावार्थे दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झाले, तरी स्फोट घडवायची हौस राहिलेली आहे. मी सांगतो आहे ते वर्ध्याचे. मराठीचे निवृत्त शिक्षक. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, शबनममध्ये एक भिंग आणि उन्हाळ्यात एक कांदा.

सरांची सगळी नोकरी ‘कवीला येथे असे सुचवायचे आहे की’ या वाक्यावर झाली. दहावीची मुलं या वाक्यावर पास झाली, काही तर मेरिटला गेली. कवींना काय सुचवायचं होतं हे कवींना विचारायची पद्धत नव्हती, कारण पाठ्यपुस्तकातले बहुतेक कवी हयात नसत आणि जे हयात असत ते पुण्याला असत. निवृत्तीनंतर कवी संपले, वाक्य उरलं. ते वाया जाऊ नये म्हणून सर चित्रांकडे वळले. त्यातही निसर्गचित्रांकडे, आणि निसर्गचित्रांतही खेड्याच्या. माणसांच्या चित्रात माणूस कधी कधी स्वतःच काहीतरी सांगून टाकतो. झाड, विहीर, बंडी आणि वाट ही मंडळी तोंड उघडत नाहीत, त्यामुळे सरांना मोकळं रान मिळतं.

प्रदर्शनात सर चित्रासमोर आले की आधी तीन पावलं मागे जातात. मागच्या माणसाच्या चपलेवर त्यांची चप्पल पडते. मग डावा डोळा बारीक करून ते ‘हंऽऽऽ’ म्हणतात. या हुंकारात चित्रकाराबद्दल करुणा असते आणि आपल्याबद्दल आदर असतो. चित्रात काय आहे हे ते कधी विचारत नाहीत. काय नाही, ते विचारतात. ‘दार दाखवलंस, पण कडी दाखवली नाहीस.’ ‘विहीर आहे, दोर नाही.’ ‘धूर निघतो आहे, पण चूल?’ कोवळा चित्रकार घाबरतो. त्याला वाटतं, राहिलंच की.

एकदा एका पोरानं घरासमोरच्या अंगणाचं चित्र मांडलं होतं. जलरंगात, बरं होतं. सावल्या तर फारच चांगल्या होत्या. मधोमध मात्र मोठी रिकामी जागा. सर त्या जागेवर पाऊण तास बोलले. त्या रिकामपणात स्थलांतर होतं, ओस पडत चाललेलं खेडं होतं, शहरात गेलेला मुलगा होता. ऐकणाऱ्यांत एका बाईंचे डोळे भरून आले. शेवटी पोरगा हळूच म्हणाला, ‘सर, तिथं मोटारसायकल उभी होती. मला मोटारसायकल जमत नाही.’

कुणीही खजील झाला असता. सर म्हणाले, ‘बघ! तुझ्या नेणिवेनं यंत्रसंस्कृती नाकारली.’

पोरगा हुशार निघाला. पुढच्या प्रदर्शनात त्याच चित्राखाली ‘नकार’ अशी चिठ्ठी होती आणि किंमत दुप्पट.

सरांचा एक मनातला शब्दकोश आहे आणि तो बदलत नाही. वळणारी वाट म्हणजे नियती. सरळ वाट म्हणजे नियतीचा उपरोध. वठलेलं झाड म्हणजे परंपरा, हिरवं झाड म्हणजे परंपरेचा भ्रम. नांगरामागून चालणारे बगळे म्हणजे शांतता, कारण जिल्हा गांधींचा. नांगर फिरला की मातीतले किडे वर येतात आणि बगळा जेवायला येतो, हे सरांना माहीत नाही असं नाही. ते स्वतः सेलू तालुक्यातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव आहेत. पण चित्रातल्या बगळ्यानं किडे खाल्ले तर ते त्यांना पोरकट वाटतं.

बाहेरच्या जगातले त्यांचे दोन आधारस्तंभ आहेत. पहिला व्हॅन गॉगचं गव्हाच्या शेतावरच्या कावळ्यांचं चित्र, जुलै १८९० चं. ते त्याचं शेवटचं चित्र, त्यात त्याला मरण दिसलं होतं, असं सर ठासून सांगतात. आता अभ्यासक झाडाच्या मुळांचं एक चित्र शेवटचं मानतात. पण मुळं हातवारे करून सांगता येत नाहीत, कावळे येतात. दुसरा आधार फ्रान्सच्या मिलेचा. शेतात संध्याकाळची प्रार्थना करणारं जोडपं, मधे बटाट्याची टोपली. साल्वादोर दालीनं हट्ट धरला की हे दोघं प्रार्थना करत नाहीत, मेलेल्या लेकराचा शोक करताहेत. पुढे लूव्हर संग्रहालयात त्या चित्राचा एक्स-रे काढला, तेव्हा टोपलीच्या जागी खाली एक चौकोनी आकार खरंच दिसला. तो शवपेटीचा होता की आणखी कशाचा, हे कुणी सांगू शकत नाही. तेव्हापासून सर चित्रातली कुठलीही टोपली सोडत नाहीत. ‘या टोपलीखाली काय आहे?’ असं त्यांनी एका चित्रकाराला भर दालनात विचारलं होतं. तो म्हणाला, ‘कॅनव्हास.’

त्याच मिलेचं १८५७ चं दुसरं एक चित्र आहे. कापणी झालेल्या शेतात वाकून कणसं वेचणाऱ्या तीन बाया. त्याच्यासमोर मात्र सर शब्दकोश उघडत नाहीत. ‘सरवा वेचताहेत,’ एवढंच म्हणतात आणि पान उलटतात. त्यांची आई सरवा वेचायला जात असे, असं कुणीतरी मला सांगितलं.

सर खऱ्या अर्थानं अडचणीत आले ते आबाजींमुळे.

आबाजी देवळी तालुक्यातले कास्तकार. चित्रकलेशी त्यांचा संबंध नाही. कचेरीत साहेब जेवायला गेले होते, ऊन मी म्हणत होतं, आणि प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पंखे होते. आबाजी पंख्याखालच्या खुर्चीवर टोपी काढून बसले. समोर ‘कास्तकाराची संध्याकाळ’ नावाचं मोठं तैलचित्र. लाल फुललेला पळस, त्याच्या पुढे पांढऱ्या बोंडांनी भरलेली पऱ्हाटी, कडेला विहीर, सोडलेली रिकामी बंडी, मोठ्या शिंगांचे दोन बैल आणि धुऱ्यावर पाठमोरा माणूस. सर रंगात आले होते. पळसाचा लाल म्हणजे रक्त, कापसाचा पांढरा म्हणजे कफन, आणि पाठमोरा माणूस म्हणजे आपण सगळेच.

‘सर,’ आबाजी म्हणाले, ‘हे कोन्त्या महिन्यातलं हाये?’

‘महिना महत्त्वाचा नाही, आबाजी. हा मनाचा ऋतू आहे.’

‘मनाचा असन. पन पळस फुलला मतलब शिमगा आला. शिमग्यात वावरात एवढा कापूस कुठचा? होऊन होऊन वेचनी झाल्यावर राखलेली फरदड असन.’

सरांनी भिंग काढलं.

‘अन् फरदड घ्याची त पानी लागते. इहीर दाखोली हाये. मतलब मानूस ओलितवाला हाये. गरीब नाही.’

लोक आता सरांकडून आबाजींकडे वळले. सर म्हणाले, ‘पण बंडी रिकामी आहे, आबाजी.’

‘तेच त पाहून राहिलो. कापूस झाडावर अन् बंडी खाली. वेचाले बाया भेटल्या नसन. नाही त वेचाई देऊन भाव पुरत नसन. अन् शिमग्यापावतर पऱ्हाटी ठेवली त बोंडअळी सोडते का? ते आतून खाल्लेलं असन सारं.’ आबाजी उठून चित्राजवळ गेले. ‘पन हे बैल आपल्याकडले नाही. आपला गवळाऊ असा नसते. गवळाऊचं शिंग आखूड. हे तिकडले खिलार दिसते.’

‘शिंगं ही आकांक्षा आहे,’ सर क्षीणपणे म्हणाले.

‘असन. पन एवढ्या दुरून जोडी आनली मतलब इथंच गेले याचे पैसे.’ आबाजींनी टोपी घातली. ‘मानूस बुडाला, हे पक्कं.’

सर म्हणाले, ‘मी तेच म्हणत होतो.’

आणि ते खोटं नव्हतं. एक रक्ताकफनाच्या वाटेनं आला, दुसरा फरदडीच्या आणि बैलजोडीच्या. पोचले एकाच धुऱ्यावर. फरक एवढाच की आबाजींची प्रत्येक पायरी तपासून पाहता येते. पळस केव्हा फुलतो, फरदडीला पाणी लागतं की नाही, फरदडीत गुलाबी बोंडअळीचं कसं फावतं, कोणत्या जातीच्या बैलाची शिंगं किती, हे जिल्ह्यातला कुठलाही कास्तकार सांगेल. सरांचं कफन तपासायचं कुठे? चित्रकार कोपऱ्यात उभा होता. त्याला विचारलं तर म्हणाला, बैल मोबाईलवरच्या फोटोतून घेतले, आणि वर डाव्या बाजूला लाल रंग हवा होता म्हणून पळस टाकला.

आता जरा माझं. वर्ध्याच्या निसर्गाचं खरं चित्र अजून कुणी काढलेलं मी पाहिलं नाही. जो तो संध्याकाळ काढतो. सोनेरी ऊन, परतणारी जनावरं, गोरज. आमच्याकडचा खरा प्रहर मे महिन्यातली दुपारी दोनची वेळ आहे. पारा पंचेचाळिसावर, काळी माती भेगाळलेली, आकाशातून निळा रंग साफ उडालेला, बाभळीची सावली बाभळीलाच पुरत नाही आणि वावरात चिटपाखरू नाही. या चित्राला रंग फार लागत नाहीत, पण चित्रकाराला तिथे बसावं लागतं. त्यामुळे ते कुणी काढत नाही. काढलंच, तर सर त्याला ‘अस्तित्वाची पोकळी’ म्हणतील आणि त्या दिवशी मी त्यांना विरोध करणार नाही.

सरांना शाळांच्या चित्रकला स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बोलावतात, कारण ते मानधन घेत नाहीत. विषय ठरलेला, ‘माझे गाव’. जिल्हाभरातल्या पोरांचं गाव एकच असतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून थेट अंगणात येणारी नदी, कौलारू घर आणि घराशेजारी नारळाचं झाड. वर्ध्याचं बहुतेक रान सपाट, डोंगर म्हणून काही पाहायचं तर बोर धरणाच्या बाजूला जावं लागतं, आणि नारळ आमच्याकडे देवळासमोरच्या दुकानात पिकतो. पण कोकण हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाचं कागदावरचं गाव आहे. सरांनी एका मुलीला जवळ बोलावून विचारलं, ‘बाळ, हे दोन डोंगर म्हणजे आई-बाबा ना?’

‘नाही सर. डोंगर.’

‘आणि हा सूर्य? तो वर येतो आहे की खाली जातो आहे?’

मुलगी विचारात पडली. तिच्या लक्षात आलं, हा प्रश्न परीक्षेत येऊ शकतो. ‘बाईंनी फळ्यावर काढला तेव्हा सकाळची शाळा होती,’ ती म्हणाली. पहिला नंबर तिलाच मिळाला.

सेवाग्रामला पाहुणे घेऊन जायचं असलं की सर सगळ्यांत पुढे. बापूकुटीत मातीच्या भिंतीवर मीराबेननं उठावात काम केलेलं आहे. ॐ आहे, चरखा आहे आणि ताडाच्या कुळातली उंच झाडं आहेत. मला विचाराल तर जिल्ह्यातलं हे सगळ्यांत चांगलं निसर्गचित्र. माती हाच रंग, भिंत हाच कागद. सर तिथे आवाज खाली आणून सांगतात, ही झाडं म्हणजे मातीतून वर जाणारा आत्मा, फांद्यांचा मोह नसलेला. पाहुणे माना डोलावतात. एकदा सोबतच्या ऑटोवाल्यानं विचारलं, ‘शिंद्या हायेत का ह्या?’ प्रश्न बरोबर दिशेनं होता. शिंदी हे इथलं रोजचं झाड. जिल्ह्यात सिंदी नावाचं स्टेशन आहे. गांधीजींना नीरा आणि ताडगुळाविषयी केवढी आस्था होती, सेवाग्रामात त्याचे किती प्रयोग झाले, हे आत्म्याइतकंच मोलाचं आहे. दारूकडे जाणारं झाड गुळाकडे वळवायचं! एवढं मोठं प्रतीक समोर उभं असताना सर त्याच्याजवळून निघून गेले, कारण ते पिण्याचं होतं.

एवढं ऐकून कुणी सरांना हसलं तर ते रागावत नाहीत. ‘पवनारला चला,’ म्हणतात. ही त्यांची शेवटची खेळी, आणि ती आजवर कुणी परतवलेली नाही.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलत. साने गुरुजी लिहून घेत. बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबा लक्ष्मणाची भक्ती आणि भरताची भक्ती समजावत रामाच्या आणि भरताच्या भेटीवर येऊन थांबले. एक वनातून आलेला, एक राजधानीत राहून वनवासी झालेला. दोघांच्या चेहऱ्यांवर तीच तपश्चर्या. यातला राम कोण आणि भरत कोण हे ओळखू येऊ नये असं चित्र कुणी काढलं तर ते किती पावन होईल, अशा आशयाचं ते बोलले. १९३८ मध्ये विनोबा पवनारला धाम नदीच्या काठी राहायला आले. तिथे शेत खणताना जमिनीतून एक जुना शिल्पपट निघाला, आणि विनोबांना त्यात तीच भेट दिसली. तुरुंगात मागितलेलं चित्र मातीतून वर आलं. तो शिल्पपट आज आश्रमात आहे, त्याची पूजा होते.

ही गोष्ट सांगताना सर भिंग काढत नाहीत, हुंकार देत नाहीत. आणि आपणही त्या दगडासमोर उभे राहिलो की हसू विसरतो. वा. वि. मिराशींसारख्या जाणत्यानं पवनारच्या शिल्पांत रामायणातले प्रसंग ओळखले, पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं मत मांडलं. पुढच्या अभ्यासकांत त्या शिल्पांच्या अर्थाबद्दलही आणि राजधानीबद्दलही एकमत राहिलं नाही. सरांना याचा आनंद होतो. दगडाचेसुद्धा दोन अर्थ निघतात म्हटल्यावर त्यांच्या धंद्याला मरण नाही. मला मात्र वाटतं की विनोबांनी आधी सहा वर्षं चित्र मनात बाळगलं, मग हातात फावडं घेतलं आणि मग अर्थ लावला. सर यातलं मधलं गाळतात.

तरीही प्रदर्शनात सर नसले की मला चुकल्यासारखं होतं. बाकीचे लोक कसे पाहतात ते बघा. चित्राकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतात, चौकटीची किंमत काढतात, सोफ्याच्या रंगाशी जुळेल का ते विचारतात आणि समोसा संपायच्या आत बाहेर पडतात. सर निदान थांबतात. त्या मोटारसायकलवाल्या पोराच्या चित्रात सावल्या किती नेमक्या आहेत, हे मला त्यांच्या पाऊण तासाच्या व्याख्यानात उभं राहून राहूनच दिसलं. त्यांनी सावल्यांचं नावही काढलं नव्हतं.

‘कास्तकाराची संध्याकाळ’ शेवटी सरांनीच विकत घेतलं. पेन्शनमधून, हप्त्यानं. ते त्यांच्या दिवाणखान्यात आहे. काकूंनी ते कुठे लावायचं हे आधीच ठरवलं होतं: नळाच्या पाइपाजवळ भिंतीला ओल धरली होती, तिच्यावर. आठवड्याभरात ओल चौकटीच्या बाहेर आली. काकू म्हणाल्या, पेंटरला बोलवा. सर म्हणाले, थांब. लिओनार्दोनं चित्रकारांना सांगून ठेवलं आहे, डागाळलेल्या भिंतींकडे बघत जा, त्यांत डोंगर-दऱ्या दिसतात. सर खुर्ची टाकून ओलीसमोर बसले. त्यांना त्यात आधी धाम नदी दिसली, मग महापूर, मग संस्कृतीचा ऱ्हास. काकूंना बुरशी दिसली. पेंटर आला. चित्रं काढणारा नव्हे, घरं रंगवणारा.

त्यानं चित्र उतरवून दिवाणावर ठेवलं, बोटाच्या पेरानं भिंत वाजवून पाहिली आणि तीन पावलं मागे गेला. एक डोळा बारीक केला. ‘हंऽऽऽ,’ म्हणाला.

सर उठून त्याच्याशेजारी उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी बरोबरीचा भेटला होता.

‘आतून पोकळ झाली हाये, सर.’

‘हो ना,’ सर म्हणाले. ‘पण वरून कळत नाही.’

‘वरून कसं कळन? इतकी वर्षं दाबून ठेवली. आता बाहेर निघाली.’

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘तुला नेमकं काय सुचवायचं आहे?’

‘दोन पोते सिमिट, सर. अन् पाइप बदलाचा.’